फौजदाराच्या खिडकीची फळी

सैबेरियातल्या त्या गावात दिवे मालवण्याआधी प्रत्येक घर खिडकीबाहेरच्या फळीवर पाव आणि दूध ठेवत असे. तुरुंगातून पळालेला कैदी ते खाई आणि मुकाट्याने जंगलात विरून जाई. कातड्याच्या कारखान्यात राबणाऱ्या येफिमने त्यावर एक गोष्ट लिहिली. एक दिवस तुरुंगच उरणार नाहीत आणि त्या फळ्यांवर फुलं डुलतील, असं स्वप्न तो जागेपणीही पाहायचा.

गोष्ट गावभर वाचली गेली आणि फौजदार खवळला. त्याने येफिमला भर चौकात उभं केलं.

"लेखक होतास तोवर ठीक, आता बंडखोर झालास काय रे? सांग सगळ्यांना, आजपासून फळीवर पाव ठेवणं गुन्हा आहे. नाहीतर बेड्या ठोकतो!"

"सांगतो की, हुजूर," येफिम स्वप्नातून उठल्यासारखा म्हणाला. "पण भुकेला कैदी फळी रिकामी दिसली की दार फोडणार. आणि दारच फोडायचं, तर आमच्या झोपडीचं कशाला? गावात भरलेलं कोठार एकाच घरी आहे. तुमच्या."

चौकात हशा पिकला. फौजदार बेड्या तशाच घेऊन परतला.

त्या संध्याकाळी घरोघरी पाव ठेवला गेला, आणि फौजदाराच्या खिडकीबाहेर सुतार नवी फळी ठोकत होता.