शिसवी बॅटीचं पोट

फार मागं, जनावरं चेंडू खेळायची तेव्हाची गोष्ट. चेंडू सावकाश टाकायचा असाच नियम होता. तो चांदोबासारखा वर चढायचा आणि झोपेत असल्यासारखा उतरायचा.

म्हाताऱ्या अस्वलाने आपली जडशीळ शिसवी बॅट मुंगसाच्या पोरीला दिली. पोरीने जीव खाऊन ती फिरवली, पण बॅट अर्ध्यात यायच्या आत चेंडू गवतात निजला.

"मेलीच्या अंगात दम नाही!" बॅट फणफणली. "अस्वलाच्या हातात असताना मी चेंडू डोंगरापार धाडायचे."

पोर रडत तिला वारुळापाशी टाकून गेली. वाळवी चढायला लागली, तशी बॅट घाबरली.

झाडावरून सुतारपक्षीण म्हणाली, "धाडायचं ते अस्वल, बये! चेंडू येतो रेंगाळत, झपाटा हाताचाच लागतो. या पोरीला तू पेलत नाहीस, ती फिरवणार कधी? पोट कोरू का तुझं?"

"वजन हीच माझी अब्रू आहे!"

"मग घाल ती वाळवीच्या घशात."

वाळवी मुठीपर्यंत आली. तशी बॅट हळूच म्हणाली, "कोर."

सकाळी सुतारपक्षिणीने पोरीला हाक मारून आणलं. पोरीने बॅट फिरवली. रिकाम्या पोटातून वारा गुणगुणत गेला. ती गुणगुण ऐकण्यात बॅट अशी हरवली, की चेंडू डोंगरापार कधी गेला ते तिला कळलंच नाही.