शंकूफुलाचा उपास

एका राज्यात पृथुसेन राजा आणि हेमांगी राणी राहत होती. राज्यातल्या डोंगराच्या माथ्यावर उघडा कातळ होता. त्यावर शंकूफुलं फुलायची, मध्ये काटेरी शंकू, भोवती खाली झुकलेल्या जांभळ्या पाकळ्या. पुण्य लागेल म्हणून राजाने कातळावर माती ओतली, वड लावला, वाळलं गवत जाळायची रीत मोडली. सावली दाटली, गवत माजलं, फुलं गेली. एकच रोप उरलं, तेव्हा कातळावर राहणारी एक जोगीण भरदरबारात आली.

"माझं फूल उमलेतो तूच कातळ हो!"

सगळ्यांदेखत राजाची पावलं दगड झाली.

राणी धावत कातळावर गेली. रोपाला शेणखत घातलं, दोन्ही वेळा दुधाचा अभिषेक केला. रोप पिवळं पडलं. राजा कमरेपर्यंत दगड झाला.

रोपाशेजारी बसलेला एक चंडोल पक्षी म्हणाला, "बाई, त्याचा उपास का मोडतेस?"

राणी दचकली. "कुणाचा उपास?"

"या रोपाचा. फटीतली चिमूटभर माती आणि दिवसभराचं ऊन, एवढाच त्याचा फराळ. एवढी व्रतं करतेस, आणि हे कळू नये?"

राणीने जीभ चावली. "मग काय करू, पक्षीराजा?"

"खत काढ. वड पाड. गवत जाळ."

खत तिने ओंजळींनी उपसलं. वडापाशी मात्र हात थिजले. बुंध्याला तिचाच दोरा होता.

"अरे, याच्याकडेच मी त्यांचं आयुष्य मागितलं रे!"

"त्याच आयुष्यासाठी पाड."

राणीने वडाला नमस्कार केला, दोरा सोडून कपाळाला लावला आणि कुऱ्हाड उचलली.

वड पडला. तोच दासी धापा टाकत आली. "बाईसाहेब, दगड गळ्याशी आला!"

"गवत जाळ," चंडोल म्हणाला.

"रोपही जळेल! एवढं एकच आहे!"

"वरचं जळेल. मूळ खडकात आहे."

राणीने पूजेचं निरांजन गवताला लावलं. डोळ्यांदेखत रोप काळं झालं. ती राखेतच बसून राहिली. रडूही येईना.

उजाडलं. राखेतून हिरवं पान वर आलं, पानामागून कळी. ऊन लागताच शंकू उभा राहिला, जांभळ्या पाकळ्या झुकल्या.

राणी धावत महालात गेली. राजा पाय चोळत होता.

"हेमांगी, मुंग्या आल्यात गं पायांना!"

राणी हसली आणि मग तिला रडू फुटलं.

राजाने कातळावरची माती काढवली, गवत जाळायची रीत पुन्हा सुरू केली. राणी दरवर्षी फुलांना भेटायला जाते, रिकाम्या हातांनी. जशी तिला फुलाची भूक कळली, तशी ज्याला त्याला आपल्या माणसाची कळो.