कळपाबाहेरची

देवडोंगर संस्थानातल्या मुलींच्या शाळेत द्वारकाबाई खळदकर मुख्याध्यापिका होत्या. एके दिवशी त्यांनी चांभारवाड्यातल्या मुलींना शाळेत घेतलं आणि इतर मुलींच्या शेजारी बसवलं. गावात गहजब झाला. विलायतेहून शिकून आलेले दिवाण रंगराव भर दरबारात कडाडले, "महाराज, या बाईंचं वागणं एग्रीजस आहे! शाळेला कुलूप लावा."

"एग्रीजस म्हणजे काय?" महाराजांनी विचारलं.

"जगावेगळं वाईट," दिवाण म्हणाले.

महाराज दरबारात बोलावून घेतलेल्या द्वारकाबाईंकडे वळले. "हा शब्द तुम्हांला मान्य आहे?"

"मान्य आहे, सरकार," बाई शांतपणे म्हणाल्या. "आज इंग्रजीत त्याचा अर्थ दिवाणसाहेब सांगतात तोच आहे. पण शब्द मूळचा लॅटिन, आणि तिथे त्याचा अर्थ 'कळपाबाहेरचा'. पूर्वी इंग्रज थोर माणसालाही हे विशेषण लावत. पुढे बहुधा ते टोमण्यात वापरू लागले आणि टोमणाच अर्थ होऊन बसला. मी कळपाबाहेर उभी आहे, हे दिवाणसाहेबांनीच सांगितलं. कळपात कोण कोण उरलं, तेवढं सांगायचं त्यांच्याकडून राहिलं."

दरबारात कुणीतरी हसलं. रंगरावांचा चेहरा पडला. महाराज मात्र हसले नाहीत. तो प्रश्न आपल्यालाही विचारला आहे, हे त्यांना कळलं होतं.

"शाळा चालू राहील," ते म्हणाले. "आणि दिवाणजी, उद्यापासून आमची मुलगीही तिथेच जाईल."