दोन बाटल्यांतली केशरपरी

गुलाब मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब टिपणीस यांनी प्रदर्शनात सगळ्यांदेखत शैलाताई वझरकरांच्या फुलावरची 'केशरपरी' ही चिठ्ठी उपटून काढली.

"ही कसली केशरपरी? खरी गावात फक्त माझ्याकडे आहे. हजारांत ओळखीन!"

शैलाताई जागच्या हलल्या नाहीत. "हजार कशाला? दोनांत ओळखा. जरा पाठ फिरवा."

त्यांनी दोन सारख्या बाटल्यांत एकेक फूल ठेवलं. बघणारे गालात हसले, पण बोललं कुणीच नाही.

आप्पासाहेबांनी चष्मा पुसला आणि डावीकडची बाटली उचलली. "हे माझं! हीच खरी केशरपरी. ते दुसरं फेका!"

"फेकते की, माझंच आहे," शैलाताई म्हणाल्या. "पण हातातलंही माझ्याच झाडाचं आहे. तुमचं अजून तुमच्या टेबलावरच आहे. आता तेवढी चिठ्ठी लावा बघू परत."