रोज एक चेहरा

सोमवार, सकाळचे साडेदहा. तालुक्याच्या बाजारपेठेतला एक फोटो स्टुडिओ. बाकावर एक बाई एकटीच बसली आहे आणि तिने मागितलेला फोटो काही धड निघत नाही.

बाईचं नाव लंकाबाई. तिचा नवरा अंकुश रसायनांच्या कारखान्यात कंत्राटी कामगार होता. गेल्या उन्हाळ्यात तो दुसऱ्या पाळीला आत गेला, तो घरी परतलाच नाही. कारखाना म्हणतो, पाळी संपवून तो फाटकातून बाहेर पडला. पुढचं आम्हाला विचारू नका. लंकाबाईने मोबाइलवरचा एक फोटो पोलीस ठाण्यात दिला होता. साहेबांनी तो परत केला. चेहरा ओळखू येत नाही म्हणे! आज दुपारी साहेब ठाण्यात बसणार होते. उद्या त्यांची बदली. मग नवे साहेब, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं.

स्टुडिओ एका वृद्ध छायाचित्रकाराचा. गाव त्यांना अण्णा म्हणे. अंकुशच्या ओळखपत्राचा फोटो त्यांनीच काढलेला, म्हणून बाई इथे आली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे अण्णा काही आठवडे घरी होते. दुकान शिष्याने सांभाळलं होतं. आज ते प्रथमच आले, आणि प्रिंटरमधून जो अंकुश निघाला त्याच्या गालांवर पांढऱ्या रेघा होत्या, कातडी शेवाळासारखी हिरवी.

"असे नाहीत ओ ते," लंकाबाई म्हणाली. "साहेब पुन्हा माघारी धाडतील."

"मशीनच म्हातारं झालंय, अण्णा," शिष्य म्हणाला.

"म्हातारपणाचं राहू दे. मशीन बंद कसं करायचास?"

"सगळी पेठ करते तसंच. मेन स्विच पाडायचा, शटर ओढायचं. उगाच आग लागायला नको."

"आणि सकाळचा फोटो?"

"ऑर्डर नसताना शाई कशाला घालवू? तुम्ही रोज ह्याच माणसाचा फोटो काढून ड्रॉवरमध्ये टाकायचात. मला वाटायचं, अण्णांचं जरा..."

"डोकं फिरलंय. म्हण की!"

अण्णांनी शाईच्या डब्या एकेक काढल्या, हातात हलकेच डोलवल्या, पुन्हा बसवल्या. शाईच्या तोंडाशी वाळलेला थर ओल्या कापडाने पुसला. बटण दाबून मशीनची आतली सफाई एकदाच चालवली. मग कागद आत गेला आणि अंकुश बाहेर आला. सावळा, थोडा अवघडलेला, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेला.

शिष्याकडे वळून अण्णा म्हणाले, "या शाईत रंगाची पूड विरघळलेली नसते, नुसती तरंगत असते. हलली नाही की तळाशी बसते. मशीन त्याच्या बटणाने बंद केलं, तर शाईचं तोंड जाऊन आपल्या झाकणावर टेकतं. मेन पाडलास तर ते उघडं राहू शकतं, आणि वाळतं. म्हणून रोज थोडं चालवायचं. त्यासाठी चाचणीच्या पट्ट्याही चालल्या असत्या. पण शाई खर्चायचीच, तर ज्याला कुणी शोधत नाही त्याच्यावर का नको? एवढ्या गावात त्याच्याबद्दल ही एकटी विचारते. हिने विचारणं सोडलं की तोही तळाशी बसेल. मग सगळेच म्हणतील, ओळखू येत नाही."

लंकाबाई ऐकत होती. "रोज काढत होता? मला कधी बोलला नाहीत."

"काय बोलणार, ताई? फोटो हातात दिला म्हणून तुझा माणूस थोडाच आला असता?"

"नसता आला. पण अजून कुणीतरी त्यांचं तोंड बघतंय, एवढं तरी कळलं असतं मला."

अण्णांनी ड्रॉवरमधले सगळे फोटो तिच्या ओटीत ठेवले.

शिष्याने प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद केला, चप्पल पायात सरकवली आणि म्हणाला, "चला मावशी, मी येतो ठाण्यात." तोवर तिच्याबरोबर ठाण्यात कुणीही गेलं नव्हतं.

साहेबांनी फोटो हातात धरला. चेहरा स्पष्ट आहे, हे त्यांना मान्य करावं लागलं. "पण तो बाहेर पडला, असं कारखान्याने लिहून दिलंय."

"बाहेर पडला तो कशावर, साहेब?" शिष्याने विचारलं.

"सायकलवर जायचे," लंकाबाई म्हणाली.

साहेबांनी टेबलावरची टोपी उचलली. त्यांना निरोप समारंभाला जायचं होतं.

अंकुशची सायकल कारखान्याच्या आतल्या स्टँडवर आजही कुलूप लावून उभी आहे.