गूळशेटच्या घराची चार छतं

मंडळी, आधी एक विचारतो. तुमच्या दारात दोन रंगारी उभे आहेत. एक हसून म्हणतो, "परवापर्यंत होऊन जाईल." दुसरा कपाळाला आठ्या घालून म्हणतो, "महिना लागेल, आणि तोवर तुम्ही मधे बोलायचं नाही." विश्वास कुणावर ठेवाल? लगेच सांगू नका. घाईने दिलेलं उत्तर आणि घाईने दिलेला रंग, दोन्ही लवकर सुटतात.

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ते गाव नेमकं कुठे होतं यावरून आता दोन-चार गावांत भांडण आहे. त्या गावाची एक रीत होती. सोयरीक ठरवायची झाली, की वराकडची सर्वांत थोरली बाई मुलीच्या घरी जेवायला यायची. जेवण झालं की उशी मागून घ्यायची, आडवी व्हायची आणि छत बघायची. मुलीला एक प्रश्न नाही, की तिला चालून दाखवायला सांगणं नाही. गावाचं म्हणणं असं, की अंगण सगळेच झाडतात, भिंती सगळेच सारवतात. वर कोण बघतं? म्हणून वर बघायचं.

या रीतीपायी गावाने बरंच काही पाहिलं होतं. एका सावकाराने छत साफ करायचा कंटाळा केला आणि खाली जरीचा चांदवा ताणून दिला. थोरल्या बाईने काठीने चांदवा ढोसला, तर वरून उंदरांचं अख्खं कुटुंब सामानसुमानासह खाली उतरलं. लग्न मोडलंच, आणि उंदरांनाही नवं घर शोधावं लागलं.

अशा गावात एक गुळाचा व्यापारी राहायचा. त्याला सगळे गूळशेट म्हणत. माणूस वाईट नव्हता. मापात कधी मारायचा नाही. फक्त ढेपेची जी बाजू चांगली दिसते ती गिऱ्हाइकाकडे करून ठेवायचा. म्हणायचा, ढेपेला तोंड असतं, ते पुढे केलं तर त्यात खोटं काय?

त्याची एकुलती लेक येसू. तिच्यासाठी नदीपलीकडच्या भल्या घरून विचारणा आली. मुलगा सालस होता, येसूने त्याला जत्रेत पाहिला होता आणि त्यानंतर दळताना ती ओव्या जरा मोठ्याने म्हणायला लागली होती. मुलाची आजी, जिला सगळे मोठ्या आई म्हणत, जेवायला येणार होती. निरोप्याने हेही सांगितलं, की घाई नाही, सवडीने बोलवा. पण पलीकडच्या आळीतला दोरखंडवाला आपल्या लेकीसाठी त्याच घराकडे डोळे लावून बसलाय, हे गूळशेटला ठाऊक होतं. त्याने छाती ठोकून सांगितलं, "येत्या आठवड्यातच या म्हणावं. आठवडा म्हणजे खूप झाला."

मग त्याने मान वर करून आपलं घर पाहिलं. बहुधा जन्मात पहिल्यांदाच.

घराला छतं चार प्रकारची. ओसरीवर कौलं, त्याखाली वासे आणि वाशांना जळमटं. माजघराला सागवानी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत, पण फळ्या सुकून त्यांच्यात फटी पडलेल्या. स्वयंपाकघराला चुन्याचा गिलावा, आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या फोडण्यांचा काळा तेलकट थर. गोठ्यावर बांबूचे तट्टे मातीने लिंपलेले, ती माती म्हशीच्या पाठीवर थोडी थोडी उतरत असलेली.

त्याने ओढ्याकाठच्या रंगाऱ्याला बोलावलं. हा माणूस कामाला पक्का, तोंडाचा कडू. जिथे जाईल तिथे भांडण करून यायचा. त्याने चारही छतं पाहिली आणि इतक्या जोरात सुस्कारा सोडला की एक जळमट तुटून खाली आलं.

"शेट, चार छतं म्हणजे चार जावा," तो म्हणाला. "एकीला जे मानवतं ते दुसरीला मानवत नाही."

मग त्याने जे सुनावलं त्याचं सार असं. फळ्या खरवडून, फटी राळ-भुशाने बुजवून जवसाचं तेल पाजायचं आणि मुरू द्यायचं. गिलाव्याची काजळी साजीखाराच्या कढत पाण्याने, काथ्याने घासून काढायची, वाळू द्यायची, भेगा भरायच्या, आणि मगच चुन्याचा हात. काजळीवर चुना मारला तर तो बसत नाही, फक्त बसल्याचं नाटक करतो. वाशांचं वेगळं, तट्ट्यांचं वेगळं. सगळ्याला मिळून महिना. शेवटी त्याने हेही सांगितलं, की इतकी वर्षं वर न बघणाऱ्याला आता मान दुखली तर त्याने आपल्याकडे येऊ नये.

गूळशेटने त्याला बाजूला बसवून वेशीजवळच्या रंगाऱ्याला बोलावलं. हा गोड माणूस. त्याने वर पाहिलंच नाही, शेटच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, परवापर्यंत चारही छतं दुधासारखी होतील.

आता गूळशेटने डोकं चालवलं. मोठ्या आईला ओळखणाऱ्या चार जणांना त्याने विचारलं, की त्या आडव्या कुठे होतात. सगळे म्हणाले, माजघरात. मग हिशेब सोपा होता. माजघर ओढ्याकाठच्याला दिलं. बाकीची तिन्ही वेशीजवळच्याला दिली. आपण दोघांवरही बरोबर तेवढाच विश्वास टाकला जेवढा लागतो, या समाधानात तो त्या रात्री गाढ झोपला.

शेटीण म्हणाली, "अहो, स्वयंपाकघर आधी नको का? दिवसभर आम्ही तिथेच असतो."

"तू थोडीच वर बघत बसतेस," गूळशेट म्हणाला.

येसू पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "नाही आबा. वरचंच खाली बघायला येतं, पिठात." पण गूळशेट तोवर निघून गेला होता.

ठरल्या दिवशी मोठ्या आई आल्या. ठेंगणी, गुटगुटीत बाई, नजर सुईसारखी. जेवण साग्रसंगीत झालं. गुळाच्या सांजोऱ्या त्यांनी मागून घेतल्या. मग त्या म्हणाल्या, "उशी द्या."

गूळशेटने अदबीने माजघराचं दार उघडलं. वर सागवान आरशासारखं झळकत होतं. मोठ्या आईंनी आत पाऊल टाकलं आणि त्या शिंकल्या. पुन्हा शिंकल्या. ताज्या जवसाच्या तेलाचा वास बंद खोलीत नुसता कोंदला होता. डोळे पुसत त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, एवढ्या वासात आपल्याला मेल्यावरसुद्धा झोप लागायची नाही. थंडीचे दिवस आहेत, चुलीजवळ ऊब असेल, तिथेच पडते.

गूळशेट घाईने पुढे झाला. "तिथे नको. तिथे मुंग्या फार."

"माझ्या स्वयंपाकघरात मुंग्या?" शेटीण म्हणाली.

"मुंग्या म्हणजे, उंदीरही आहेत."

शेटिणीने त्याच्याकडे असं पाहिलं, की पुढचे काही दिवस आपल्याला जेवण मिळणार नाही हे त्याला कळलं. येसूने तोवर चुलीजवळ चटई अंथरली.

मोठ्या आई आडव्या झाल्या. वर छत पांढरंशुभ्र होतं. पण चुलीवर आंधण ठेवलेलं होतं आणि त्याची वाफ सरळ वर जात होती. थोड्या वेळाने पांढऱ्यात एक पिवळा डाग उमटला. मग त्याला भाऊबंद मिळाले. मग एक पापुद्रा सुटला आणि गिरक्या घेत मोठ्या आईंच्या पदरावर उतरला.

गूळशेटने कोपऱ्यातलं सूप उचललं आणि त्यांच्या तोंडावर आडवं धरून हलवायला लागला.

"हे काय करताय?" मोठ्या आईंनी विचारलं.

"वारा घालतो."

"थंडीत?"

"पाहुणचार आहे," गूळशेट म्हणाला.

मोठ्या आईंनी डोळे मिटले. वरून पापुद्रे येत होते, गूळशेट ते झेलत होता. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक पार पायांशी. चटईभोवती तो असा नाचत होता की दारात उभी शेटीण राग विसरून तोंडाला पदर लावून हसू लागली. शेवटी तळहाताएवढा एक पापुद्रा सुपात धपकन पडला.

"शेट," मोठ्या आई डोळे न उघडता म्हणाल्या, "सूप पाखडून घ्या. भरलं."

त्या उठल्या. पदर झटकला. नाकाला पदर लावून माजघरात गेल्या आणि बराच वेळ वर बघत राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

"हे माजघर बघितलं नसतं, तर मी होकार देऊन गेले असते," त्या म्हणाल्या. "म्हटलं असतं, माणसाला ठाऊक नसेल, घाई झाली असेल. पण चांगलं काम कसं करतात ते तुम्हाला नीट ठाऊक आहे. दोन घटका लोळणाऱ्या पाहुणीच्या डोक्यावर सागवान, आणि जन्मभर राबणाऱ्या बायको-लेकीच्या डोक्यावर पापुद्रे. ही रीत माझ्या घरात आली, तर मी कुठे जाऊ?"

सोयरीक उंबऱ्यावरून मागे फिरताना गूळशेटला दिसत होती. त्याने येसूकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण ती पुढे आली.

"मोठ्या आई, ती रीत आबांची आहे, माझी नाही," ती म्हणाली. "आणि ती आतपर्यंत मुरलेली नाही. खरवडली तर निघेल."

"खरवडायला वर कोण चढणार?"

सगळे नुसते गूळशेटकडे बघत राहिले.

ठरलं ते असं. गूळशेटने स्वतः परांचीवर चढून उरलेली तिन्ही छतं नीट करायची. महिन्याने मोठ्या आई पुन्हा येतील, आणि कुठे आडव्या होतील ते सांगणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी गूळशेट वर चढला. खाली ओढ्याकाठचा रंगारी बाजेवर बसून त्याला शिव्या घालत शिकवत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या स्वभावाचं चीज झाल्यासारखं वाटत होतं. गूळशेटला कळलं, की हात वर करून घासलं की काळं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून थेट काखेत जातं. कळलं, की ओला चुना डोळ्यात गेला की पूर्वज दिसतात. आणि स्वयंपाकघराच्या छताखाली, वाफेत, भर दुपारी काय वाटतं तेही कळलं. एका दुपारी तो खाली उतरला आणि शेटिणीला म्हणाला, "तू रोज इथे बसतेस?" ती म्हणाली, बसते. तो पाणी प्यायला आणि पुन्हा वर चढला. त्या दिवसापासून रंगाऱ्याच्या शिव्या निम्म्यावर आल्या.

स्वयंपाकघर झालं, ओसरी झाली. गोठा लिंपताना म्हैस खालून पाहत राहिली. मग त्याला वाटलं, मोठ्या आई जिन्याखाली आडव्या झाल्या तर? तेही केलं. कोठीत? तेही. शेवटी शेवटी मोठ्या आई कुठे झोपतील हा विचारच त्याच्या डोक्यातून गेला. एखादा कोपरा राहिला की त्यालाच चैन पडेना. आणि मान मात्र वरच राहिली. दुकानात तो वर बघत गूळ तोलू लागला. गिऱ्हाइकंही वर बघू लागली. रस्त्यावरून जाणारे लोक आत येऊन, वर काय आहे म्हणून विचारू लागले. गर्दी झाली, आणि येताजाता गूळही खपला.

महिन्याने मोठ्या आई आल्या. जेवल्या. गूळशेट उश्या घेऊन उभाच होता. पण त्यांनी उशी मागितली नाही. त्या म्हणाल्या, "शेट, माझ्या पायाशी काय पडलंय बघा बरं."

गूळशेटने खाली बघायचा प्रयत्न केला. मान हलेना. शेवटी तो कमरेतून वाकला, तेव्हा कुठे त्याला मोठ्या आईंचे पाय दिसले. तिथे काहीच पडलेलं नव्हतं.

मोठ्या आई मनापासून हसल्या. "राहू दे आता छत," त्या म्हणाल्या. "छत दुसऱ्याकडून रंगवून घेता येतं. अशी मान कुणी भाड्याने देत नाही." आणि त्यांनी येसूच्या हातावर सुपारी ठेवली.

लग्न थाटात झालं. अक्षता पडत होत्या तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या, एकटा नवरीचा बाप आढ्याकडे बघत होता. तेव्हापासून त्या गावातली रीत बदलली. थोरल्या बाया छत बघेनाशा झाल्या, मुलीच्या बापाची मान बघू लागल्या. काही बापांनी नुसतीच मान वाकडी करून पाहिली, पण अशांना समोरून एक लाडू फेकला की मान झटकन सरळ व्हायची आणि खरं-खोटं लगेच कळायचं.

तात्पर्य: जो फक्त नजर पडेल तिथेच नीट वागतो, त्याचं नीट केलेलंच त्याच्याविरुद्ध साक्ष देतं.

तेव्हा मंडळी, एवढी विनंती ऐका. जे छताचं तेच हिशेबाचं. घरचा असो की दुकानचा, तो खरा ठेवा. जे पान कुणी उघडणार नाही, तेही.