हिरवा पडलेला पिरोजा

फार पूर्वी डोंगरावरच्या एका राज्यात एक संशयी राजा होता. इतका संशयी, की ताटातला पहिला घास तो मांजराला घालायचा आणि मग त्या मांजराकडेही टक लावून बघत बसायचा.

त्याच्या ज्योतिषाने त्याला पिरोजा नावाच्या निळ्या खड्याबद्दल सांगितलं. इमानी माणसाच्या बोटात हा खडा निळाच राहतो आणि मनात बेइमानी आली की हिरवा पडतो म्हणे. झालं! राजाने स्वतःसाठी एक अंगठी करवली, दरबाऱ्यांपासून स्वयंपाकिणीपर्यंत सगळ्यांना वाटल्या आणि वर्षाने तपासणी ठेवली.

तपासणीत सगळ्यांचे खडे निळेशार निघाले. स्वयंपाकिणीचा तेवढा हिरवा.

बिचारी तीस वर्षं त्याच चुलीपुढे राबत होती, पण त्याचं कौतुक कुणाला? प्रधान म्हणाला, हिने सगळ्यांदेखत नाक घासून माफी मागावी, नाहीतर आजच राज्य सोडावं. आता या वयात ती जाणार कुठे?

स्वयंपाकीण पदराला हात पुसत पुढे आली.

"मी काही केलेलंच नाही, तर माफी कसली मागू?" ती म्हणाली. "महाराज, हा खडा तेल पितो, घाम पितो. वर्षभर मी तुमची कणीक मळली, फोडण्या दिल्या, पण अंगठी काढली नाही. तुम्ही घालायला दिली होती ना? आता या सगळ्यांना अंगठ्या उतरवायला सांगा."

दरबारात चुळबुळ सुरू झाली, पण राजाने हुकूम दिला. स्वयंपाकिणीच्या बोटावर अंगठीचा वळ खोल रुतला होता. बाकी एकाच्याही बोटावर खूण म्हणून नव्हती. खडा चुकून हिरवा पडला तर काय घ्या, या भीतीने सगळ्यांनी अंगठ्या वर्षभर डबीत कापसात ठेवल्या होत्या आणि त्याच सकाळी बाहेर काढल्या होत्या.

"आणि तुमची, महाराज?" तिने विचारलं.

राजाने अंगठी उतरवली. त्याचंही बोट कोरं होतं.

तो ओशाळून म्हणाला, "बाई, तुला नवी निळी अंगठी देतो."

"नको. मला हीच बरी," ती म्हणाली. "चुलीवर भात आहे, जाते मी."

तात्पर्य काय, तर राबणाऱ्या हातांना डाग पडायचेच, त्यांची लाज कशाला? कोऱ्या हातांनी आधी आपलं काम दाखवावं.